पिवळ्या चिठ्ठीची खोकी

सोमवारी सकाळी नऊच्या आत वकिलातीतून तीनदा फोन आला, तेव्हाच मुकादमांना काहीतरी खटकलं. एरवी ही मंडळी एक घर हलवायचं तरी महिनाभर आधी कागद धाडणार, मग त्या कागदाची आठवण करून देणारा दुसरा कागद धाडणार. आणि आज काय, तर पाच घरं, चार दिवस, तुमची सगळी माणसं लावा.

"बदल्या झाल्या का हो साहेबांच्या?" मुकादमांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बदल्याबिदल्या काही नाही. मुलाबाळांची सुट्टी. यंदा जरा लवकर," पलीकडून उत्तर आलं आणि फोन ठेवला गेला.

मुकादम सामान बांधणारे. दुसऱ्याचा संसार खोक्यांत घालायचा, खोक्यावर चिठ्ठी डकवायची आणि काचेचा तुकडाही न तडकता जिथल्या तिथे पोचवायचा, हे काम ते तीस वर्षं करत होते. त्यातली निम्मी कामं थोरल्यांच्या ह्याच वकिलातीची.

थोरले म्हणजे समुद्रापलीकडचा तो बलाढ्य देश. हा देश लहान, आणि शेजारी तापट. म्हणून कधीकाळी करार झाला होता की थोरल्यांनी ह्यांच्या पाठीशी उभं राहायचं आणि ह्यांनी थोरल्यांच्या शब्दाबाहेर जायचं नाही. तेव्हापासून लोक त्या देशाला थोरले म्हणू लागले. कौतुकानं म्हणत आणि चिडूनही म्हणत, घरातल्या थोरल्याला म्हणतात तसंच. सरहद्दीवरच्या गावात थोरल्यांची छावणी होती. ती होती तोवर शेजाऱ्याची पलीकडून डोळे वटारण्यापलीकडे मजल जात नव्हती.

आणि त्याच गावात मुकादमांची एकुलती एक लेक, बिट्टी, नांदत होती. तिला एक लहानगं पोर, गुंडू, आणि तिचा नवरा तिथल्या कॉलेजात प्राध्यापक. विषय कुठला, तर थोरल्यांचं परराष्ट्र धोरण! गेली सहा वर्षं तो त्यावर एक पुस्तक लिहीत होता. टिपणांची फाईल उशीएवढी फुगली होती. सासरेबुवा भेटले की जावईबापू करार, कलमं, हितसंबंध असं सगळं उलगडून सांगत आणि मुकादम मान डोलवत. मनात मात्र म्हणत, ह्यानं त्या लोकांचं एक तरी कपाट आतून पाहिलंय का?

मुकादमांनी पाहिली होती. पण धंद्यात पाऊल टाकलं तेव्हाच कानाला खडा लावला होता की घरातलं घरात. कुणाच्या कपाटात काय निघालं, कोण कुणाशी अबोला धरून होतं, ह्यातलं अवाक्षर बाहेर काढायचं नाही. बायकोलासुद्धा नाही. बायको म्हणायची, "तुमच्या पोटात एवढं साठलंय, एखाद दिवशी फुटाल."

पहिल्या घरात शिरतानाच मुकादमांनी चिठ्ठ्यांचे गठ्ठे पाहून घेतले. चिठ्ठ्या तीन रंगांच्या. निळी लागली की खोकं विमानानं जायचं, माणसांबरोबर. हिरवी लागली की जहाजानं, दोन-तीन महिन्यांनी. आणि पिवळी म्हणजे सामान इथेच मुकादमांच्या गोदामात राहणार, कारण मालक परत येणार. पाच घरांसाठी वकिलातीनं धाडलेल्या गठ्ठ्यात हिरवी चिठ्ठी एकही नव्हती. थोड्या निळ्या आणि बाकी पिवळ्याच पिवळ्या.

मुकादमांचा जीव भांड्यात पडला. पळून जाणारा माणूस आपलं घर कशाला मागे ठेवील? खरंच सुट्टी दिसते, असं स्वतःला सांगत त्यांनी बाह्या सरसावल्या.

संध्याकाळी घरी आले तर बायको फोन कानाला लावून बसलेली. तिनं तो त्यांच्या हातात दिला.

"बाबा," बिट्टीचा आवाज नेहमीचा नव्हता. "इथं काहीबाही बोलतायत सगळे. छावणीत रोज ट्रक ये-जा करतायत. कोपऱ्यावरचे दवाखानेवाले कालच गेले, दाराला कुलूप. मी ह्याला म्हणते, गुंडूला घेऊन आपण तुमच्याकडे येऊ पंधरा दिवस. हा ऐकत नाही."

"काय म्हणतात जावईबापू?"

"म्हणतो, कराराचं चौथं कलम आहे. म्हणतो, छावणी सोडणं थोरल्यांना परवडणारच नाही. आणि म्हणतो, मीच वर्गात पोरांना सांगितलं की ते जाणार नाहीत. आता मीच बोचकं उचललं तर अख्खी गल्ली रिकामी होईल." ती थांबली. "बाबा, तुम्ही त्यांच्या घरांत असता. तुम्ही सांगा. येऊ का थांबू?"

तीस वर्षांत हा प्रश्न कुणी असा सरळ विचारला नव्हता. मुकादमांची मान नकळत ताठ झाली. फाईलवाले एकीकडे आणि आपण एकीकडे, आणि लेक आपल्याला विचारतेय! त्यांनी घसा खाकरला.

"एवढंच सांगतो, जास्त विचारू नको. पिवळ्या चिठ्ठ्या आहेत. जाणारे परत यायचेत. थांब तू, घाबरू नको."

"नक्की?"

"तीस वर्षं काय गोट्या खेळलो का मी?"

फोन ठेवला तशी बायको उसळली. "पोरगी यायचं म्हणते आणि तुम्ही तिला थांब म्हणता? अहो, आली असती पंधरा दिवस तर काय बिघडत होतं?"

"नसता घोर लावून घेऊ नकोस. तुला धंद्यातलं काय कळतंय?"

"धंद्यातलं नाही कळत. पोरीच्या आवाजातलं कळतं." आणि ती आत निघून गेली.

मुकादम जेवले, पण घास तोंडात फिरत राहिला. टीव्हीवर थोरल्यांचा प्रवक्ता आला. टापटीप केस, इस्त्रीचा कोट. "आमचा शब्द म्हणजे शब्द," म्हणाला. हाच माणूस गेल्या वर्षीही हेच म्हणाला होता, आणि तेव्हा ऐकताना बरं वाटलं होतं. आज मुकादमांनी मध्येच टीव्ही बंद केला, उठले, खिडकी लावली, पुन्हा उघडली. काय बोचतंय ते त्यांना सापडेना.

मंगळवारीही तेच. दिवसाकाठी दोन घरं उरकत होती. मुकादमांचा जुना जोडीदार मिशा, मिशा म्हणूनच त्याला सगळे ओळखत, तो खोकी उचलता उचलता म्हणाला, "मुकादम, ह्यावेळी कुणी कटकट करत नाही राव. मागल्या खेपेला त्या बाईनं एका फुलदाणीसाठी माझं डोकं खाल्लं होतं. आज विचारलं, हे कुठं ठेवू, तर म्हणते कुठंही ठेवा."

"बरंय की मग. काम लवकर होईल," मुकादम म्हणाले. पण ते 'कुठंही ठेवा' दिवसभर त्यांच्या कानात बसलं. दुपारी त्यांनी लेकीला फोन लावला. लागला नाही. घरं वकिलातीच्या आवारातच, आणि आत शिरताना मोबाईल फाटकावर जमा करायचा नियम, त्यामुळे प्रत्येक वेळी रस्ता ओलांडून बाहेर यायचं, लावायचा, 'सर्व लाईन व्यस्त आहेत' ऐकायचं आणि पुन्हा आत जायचं. चौथ्या खेपेला फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "काका, पाय मोडतील." मुकादमांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला.

बुधवारी शेवटचं घर. दुय्यम साहेबांचं. साहेब दोन दिवस घरी आलेच नव्हते, ऑफिसातच होते. बाई आणि दोन मुलं होती. बाई तीन वर्षं ह्या शहरात राहिलेल्या. भाषा मोडकीतोडकी का होईना, शिकल्या होत्या, आणि कामाच्या माणसांना पाणी विचारायची रीत त्यांना होती. मुकादमांना त्या आवडत.

दुपारी बारापर्यंत घर उघडंबोडकं झालं. पिवळ्या चिठ्ठ्यांची खोकी दाराशी रचली गेली. पडदे, पुस्तकं, लोखंडी झोपाळा, भांडी, गाद्या. निळ्या चिठ्ठीची खोकी मोजून सहा. मुकादम शेवटची फेरी मारत होते, तेवढ्यात बाई मुलांच्या खोलीच्या दारातून म्हणाल्या, "मुकादम, हे काढता येईल?"

त्यांनी चौकटीवर हात ठेवला होता. चौकटीच्या आतल्या बाजूला एक लाकडी पट्टी होती, वीतभर रुंद, खालपासून वरपर्यंत. तिच्यावर पेन्सिलीच्या रेघा. प्रत्येक रेघेपाशी तारीख आणि एकेक अक्षर, एक मुलाचं, एक मुलीचं. तीन वर्षांत मुलगा टीचभर वाढला होता, मुलगी त्याहून जास्त.

"काढता येईल की," मुकादम म्हणाले. "पण चौकट उघडी पडेल. परत आल्यावर रंग द्यावा लागेल."

बाईंचं बोट सगळ्यात खालच्या रेघेवरून फिरत होतं.

मुकादमांनी एकेक स्क्रू पिरगळून काढला. शेवटचा गंजला होता, त्याच्यापाशी बराच वेळ गेला. पट्टी अलगद सुटून हातात आली. मागे भिंतीचा कच्चा, करडा पट्टा दिसू लागला. त्यांनी पट्टी जुन्या चादरीत गुंडाळली, कडांना पुठ्ठा लावला, दोरी आवळली.

"कुठली चिठ्ठी लावू?"

बाईंनी स्वतःच्या हातानं निळी चिठ्ठी लावली आणि दोनदा तळहातानं दाबली.

वर पत्ता लिहायला पेन्सिल हवी म्हणून मुकादमांनी शर्टाच्या खिशात हात घातला. पेन्सिलीबरोबर चार कागद बाहेर आले. चार घरांच्या, गोदामाच्या चार पावत्या. पिवळ्या चिठ्ठीचं सामान गोदामात गेलं की मालकाला पावती द्यायची. ती असल्याशिवाय खोकं परत मिळत नाही. तीस वर्षांत पावती न घेता निघालेला मालक मुकादमांनी पाहिला नव्हता. लोक तीनतीनदा विचारत, नक्कल मागत, पाकिटात घालून वरून पुन्हा चाचपून बघत. एका साहेबानं तर विमानतळावरून माघारी येऊन पावती नेली होती.

ह्यावेळी चारही घरांत कुणी मागितली नव्हती. आणि हे मुकादमांच्या ध्यानात आलं नव्हतं! ते आपले चिठ्ठ्यांचे रंग बघत बसले होते. ज्या घरासाठी माणूस पावतीसुद्धा मागत नाही, ते घर त्यानं टाकलेलं असतं. आणि ह्या घरातून न्यायचं म्हणून त्यानं काय उपटून घेतलं, तर दाराची चौकट.

"बाई," ते म्हणाले. "तुमचा फोन वापरू?"

बाईंनी भिंतीवरच्या फोनकडे बोट दाखवलं. कालपासून एकदाही न लागलेला नंबर साहेबांच्या फोनवरून पहिल्या खेपेला लागला. नंतर मुकादमांना ह्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

फोन जावयानं उचलला. "बाबा? अहो, इथं सगळं ठीक आहे. मी आत्ताच वर्गात सांगून आलोय, ही सगळी दबावाची चाल आहे. चौथ्या कलमात स्पष्ट लिहिलंय की..."

"जावईबापू, निघा."

"बाबा, तुम्हीच तर परवा म्हणालात..."

"माझं चुकलं. मी चिठ्ठ्या पाहिल्या, पावत्या पाहिल्या नाहीत." मुकादमांनी बाईंकडे पाहिलं. त्या दोन हात अंतरावर उभ्या होत्या आणि त्यांना सगळं कळत होतं. घरातलं घरात, हा तीस वर्षांचा नेम होता. मुकादमांनी तो मोडला आणि बोलून टाकलं. "ऐका. आत्ता ह्या घरातली दाराची पट्टी काढली मी. मुलांची उंची मोजलेली. एकेक स्क्रू पिरगळून काढली आणि ती विमानानं चाललीय. बाकी अख्खं घर इथं सोडलंय, आणि त्याची पावती कुणी घेत नाही. तुमच्या फाईलमध्ये ह्याचं कलम आहे का?"

मागून गुंडूच्या खेळण्याचा आवाज येत होता. मग फोन बिट्टीनं घेतला असावा. "बाबा, काय झालं?"

"बिट्टे, निघ. उद्या सकाळच्या बसनं..."

मुकादमांच्या मनगटावर हात पडला. बाईंचा. त्यांनी मान हलवली आणि ह्या देशाच्या भाषेत, एकेक शब्द सुटा करून, खालच्या आवाजात म्हणाल्या, "आज. उद्या नको."

एवढंच. मग त्या वळल्या आणि मुलांना हाका मारत बागेत निघून गेल्या.

"आज निघ," ते फोनमध्ये जवळजवळ ओरडले. "आत्ता. जे वाहन मिळेल त्यानं!"

गुरुवारी सकाळी विमानतळाच्या मालधक्क्यावर निळ्या चिठ्ठ्यांची खोकी चढवत असताना हमालांच्या रेडिओवर बातमी लागली. सरहद्दीवरची छावणी पहाटे रिकामी झाली होती. मागोमाग प्रवक्त्याचा आवाज. माघार नव्हे, फेरमांडणी, असं तो म्हणाला. शब्द म्हणजे शब्द, हेही म्हणाला. मग बातमी देणाऱ्यानं सांगितलं की गावाकडचा रस्ता सकाळी सहापासून बंद आहे. तिकडून कुणी निघू शकत नाही.

मुकादमांच्या हातात तेव्हा नेमकी ती पट्टी होती. क्षणभर त्यांना वाटलं, द्यावी आपटून. गुडघ्यावर ठेवून मोडावी कडकन. काय तो तुमचा शब्द आणि काय ती तुमची रेघोट्यांची पट्टी! माझं पोर तिथं रस्त्यावर आहे का घरात आहे ते मला ठाऊक नाही, आणि तुमच्या पोरांच्या उंचीला मी पुठ्ठा लावून देतोय.

मिशा हळूच म्हणाला, "द्या मुकादम, मी चढवतो."

"नको," मुकादम म्हणाले. त्यांनी ती स्वतःच चढवली, सगळ्यात वर, काही दाबणार नाही अशी. त्या बाईनं सांगितलं नसतं तर, हाही विचार डोक्यातून जात नव्हता. शिव्या द्याव्यात तर कुणाला, हेच त्यांना कळेना.

घरी आले तर बायको फाटकाशी उभी. ती कालपासून तिथंच होती म्हटलं तरी चालेल. दोघंही रस्त्याकडे बघत राहिले. एक वाजला, दोन वाजले. प्रत्येक गाडीला बायकोची टाच उचलली जायची आणि पुन्हा खाली यायची. शेवटी तिला राहवलं नाही. "माझं ऐकलं असतंत तर सोमवारीच..." एवढं म्हणून ती थांबली. मुकादम फाटकाबाहेर जाऊन कोपऱ्यापर्यंत बघून आले.

तीनच्या सुमाराला भाजीचा एक टेम्पो कोपऱ्यावर थांबला. मागून बिट्टी उतरली. केसांत धूळ, एका पायात चप्पल. तिनं वर हात केले आणि कुणीतरी झोपलेल्या गुंडूला तिच्या हातांत दिलं. बायको धावली. मुकादमांना धावताच येईना. त्यांना तिथल्या तिथे रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

सगळ्यात शेवटी प्रोफेसर उतरले. बगलेत एक लांबट पुडकं.

"एवढा उशीर?" बायकोनं लेकीला विचारलं.

"ह्याच्यामुळे," बिट्टी म्हणाली, पण आवाजात तक्रार नव्हती. "गल्लीतलं एकेक दार वाजवत फिरला. माझं चुकलं, म्हणाला, मी तुम्हाला थांबा म्हटलं ते चुकलं, निघा. एका आजोबांचे तर पाय धरले ह्यानं. शेवटी सगळी गल्ली निघाली, आम्ही सर्वांत मागे. आम्ही नाका ओलांडला आणि मागे आडवा ट्रक लागला."

मुकादमांनी जावयाकडे पाहिलं. एका दिवसात माणूस दहा वर्षांनी म्हातारा झाला होता.

"फाईल?" मुकादमांनी विचारलं.

प्रोफेसरांनी बगलेतलं पुडकं पुढे केलं. लांब लाकडी पट्टी होती, आणि ती टिपणांच्या कागदांत गुंडाळली होती. कलमं, करार, तळटिपा, सगळं उलटसुलट. दोरी ढिली, गाठ चुकलेली, कडा उघड्या. इतकं वाईट बांधलेलं सामान मुकादमांनी जन्मात पाहिलं नव्हतं. एका उघड्या कडेशी पेन्सिलीच्या चार रेघा दिसत होत्या आणि वर गुंडूचं नाव.

"तुम्ही फोनवर सांगितलंत," प्रोफेसर म्हणाले, "आणि मी स्क्रूड्रायव्हर शोधायला उठलो. का उठलो, मलाच कळलं नाही."

मुकादमांनी पट्टी घेतली. ओट्यावर आडवी ठेवली, दोरी सोडली, कडांना पुठ्ठा लावला आणि नीट बांधली. हातांना सवयीचं काम मिळालं तसे ते जरा स्थिर झाले.

"इथं आमच्या दाराला लावू का? गुंडूला बरं वाटेल," बायको म्हणाली.

"नको," प्रोफेसर पटकन म्हणाले. मग ओशाळले. "म्हणजे... राहू दे तशीच बांधलेली. परत जाऊ तेव्हा..."

बिट्टी गुंडूच्या बुटाची नाडी सोडत बसली होती, तिनं वर पाहिलं नाही.

मुकादमांनी खिशात हात घातला. उरलेल्या चिठ्ठ्यांतून एक पिवळी निघाली. ती त्यांनी पट्टीवर डकवली, तळहातानं दोनदा दाबली. मग पावतीपुस्तक काढलं, ओट्यावर ठेवून सावकाश लिहिलं: लाकडी पट्टी, एक नग, मालक परत येईपर्यंत. खाली सही केली आणि पावती फाडून जावयाच्या हातात दिली.

"जपून ठेवा," ते म्हणाले. "हिच्याशिवाय सामान मिळत नाही."

प्रोफेसरांनी ती दोनदा वाचली. मग तिच्या चार घड्या केल्या, ती शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून बटण लावलं.